हुकूमनामा हातात होता, केस कोर्टात नव्हतीच

"लिही ताई, फक्त माझं नाव घालू नकोस," असं धाकट्या बहिणीने सांगितलं, म्हणून हे लिहिते आहे. परस्पर संमतीने घटस्फोट झाला असं सांगून तिच्या हातात जो हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा आदेश, ठेवला गेला, तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत खोटा निघाला. कोर्टात तिच्या नावाचा अर्ज कधी दाखलच झाला नव्हता. तोवर तिचं दुसरं लग्न ठरलं होतं, हॉलची चौकशी चालू होती. ते लग्न लागलं असतं तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम ११ प्रमाणे मुळातच बेकायदा ठरलं असतं. शिवाय पहिला नवरा हयात असताना दुसरं लग्न केलं म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली तिच्यावरच गुन्हा दाखल होऊ शकला असता. फसवलेल्या बाईने तुरुंगाची भीती बाळगायची आणि फसवणाऱ्याने पुढचं गिऱ्हाईक बघायचं, हे मला सहन होत नाही.

पहिल्या लग्नात मारझोड नव्हती, पैशांचा वाद नव्हता. दोघांचं जमलं नाही, मूल नव्हतं, दोन वर्षांहून जास्त काळ दोघं वेगळे राहत होते. बहीण भांडुपला आईकडे, तो पुण्यात नोकरीला. दोघांनाही गाजावाजा न करता मोकळं व्हायचं होतं. अशा वेळी नात्यातल्या एकांनी, अगदी चांगल्या मनाने, एक नंबर दिला. "कोर्टाची कामं करणारा माणूस आहे, वकिलापेक्षा स्वस्तात करून देतो."

हा माणूस घाटकोपर स्टेशनजवळच्या एका उडप्याच्या हॉटेलात भेटायचा. ऑफिस नाही, पाटी नाही, कार्ड नाही. पांढरा शर्ट, काखेत हिरव्या दोरीने बांधलेल्या फायली, आणि बोलताना दर दोन वाक्यांनी "आपले साहेब". स्वतः वकील आहे असं तो कधीच म्हणाला नाही. "वकीलसाहेब वेगळे आहेत, ते आज हायकोर्टात आहेत," एवढंच. ते वकीलसाहेब आम्हाला कधी दिसले नाहीत. वकीलपत्रावर बहिणीच्या सह्या घेतल्या तेव्हा वकिलाच्या नावाची जागा कोरी होती. त्यावर तो म्हणाला, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, आपल्याकडे म्हणतातच ना ताई? तुम्ही कशाला चढता? सह्या करा आणि घरी निवांत बसा."

या म्हणीवरच त्याचा सगळा धंदा चालतो. आपल्या घरांमधून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाची जी धास्ती असते, ती तो विकत घेतो आणि पैसे आपल्याकडूनच वसूल करतो. घटस्फोटाचं नाव काढलं की बाईला आधीच लाज घातलेली असते. शेजारपाजाऱ्यांना कळू नये, ऑफिसात रजा मागताना कारण सांगावं लागू नये, कोर्टात नवऱ्याच्या समोर उभं राहावं लागू नये, असं तिला वाटत असतं. ते सगळं टळेल असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर ती विश्वास ठेवणारच. त्यात तिचा दोष मी शोधत नाही आणि कुणी शोधूही नये.

पैसे त्याने एकदम मागितले नाहीत. आधी पंधरा हजार टोकन. मग "काउन्सेलरची फी" म्हणून दहा. मग "सहा महिन्यांची मुदत माफ करून घ्यायची आहे, वर द्यावे लागतात" म्हणून तीस. शेवटी "नक्कल काढायला" दहा. एकूण पासष्ट हजार, निम्मे बहिणीने आणि निम्मे तिच्या नवऱ्याने भरले. प्रत्येक वेळी यूपीआय वेगळ्या नावावर: कधी मुलगा, कधी मेहुणा, कधी कुठलं तरी झेरॉक्सचं दुकान. पावती एकदाही नाही.

यातली एकेक रक्कम खोटी होती हे आता माहीत आहे. कुटुंब न्यायालयातले विवाह समुपदेशक कोर्टानेच नेमलेले असतात, त्यांची फी पक्षकाराला भरावी लागत नाही. परस्पर संमतीचा अर्ज केल्यावर जी सहा महिने थांबायची मुदत असते, ती न्यायाधीशच माफ करू शकतात आणि त्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अमरदीप सिंग यांच्या प्रकरणात सांगितलं की ही मुदत अगदी बंधनकारक नाही. दोघं दीड वर्ष किंवा जास्त काळ वेगळे राहत असतील, समेटाचे प्रयत्न थकले असतील, पोटगी आणि मुलांचा ताबा यांचं ठरलं असेल, तर कोर्ट ती माफ करू शकतं. म्हणजे बहिणीला जे कायद्याने मागता आलं असतं, त्याचीच त्याने लाच म्हणून किंमत लावली. आणि नक्कल? हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) मध्ये स्पष्ट लिहिलंय की घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत कोर्टाने दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यायची. त्या एका प्रतीसाठी दहा हजार!

दोन महिन्यांच्या आत कागद हातात आला. जाड कागद, निळा गोल शिक्का, इंग्रजी मजकूर, खाली सही. आईने तो देवापाशी ठेवला होता.

भांडं फुटलं ते नव्या स्थळाच्या काकांमुळे. काका जिल्ह्याच्या ठिकाणी कोर्टात बेंच क्लार्क, म्हणजे न्यायाधीशांसमोरच्या फायली सांभाळणारे कारकून, होते, आता निवृत्त. संशय म्हणून नव्हे, "फाइलला एक झेरॉक्स ठेवू" म्हणून त्यांनी हुकूमनामा मागितला. कागद हातात घेतल्यावर त्यांनी पहिल्यांदा तो उलटा केला. मागची बाजू कोरी. त्यांचा चेहरा बदलला. कोर्टाची प्रमाणित प्रत असली की तिच्यावर नकलेसाठी अर्ज कधी केला, प्रत तयार कधी झाली, दिली कधी, याच्या तारखा असतात. नक्कल विभागाच्या सह्या असतात. इथे नुसता शिक्का.

मग त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. आदेश देणाऱ्याचा हुद्दा होता "दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, मुंबई". काका म्हणाले, "वरिष्ठ स्तर आमच्याकडे, जिल्ह्यात. मुंबईत घटस्फोट चालतो तो कुटुंब न्यायालयात." १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याखाली मुंबईत कुटुंब न्यायालय सुरू झालं ते १९८९ साली, आणि आज ते वांद्रे पूर्वेला बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. पुढे, सीएनआर नंबर कुठेही नव्हता. संगणकावर नोंदलेल्या प्रत्येक खटल्याला हा सोळा अक्षरी-आकडी नंबर मिळतो. आणि शेवटी ते वाक्य: दोन्ही पक्षकार न्यायालयात हजर होते, त्यांना समक्ष विचारलं असता त्यांनी स्वखुशीने संमती असल्याचं सांगितलं. खाली तारीख. बहिणीने मोबाइल काढून हजेरीचं अ‍ॅप दाखवलं. त्या दिवशी ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत अंधेरीच्या ऑफिसात होती.

दुसऱ्या दिवशी कुर्ल्याहून रिक्षा करून आम्ही दोघी बीकेसीला गेलो. जिची इतकी धास्ती घातली गेली होती ती पायरी चढायला काहीच लागलं नाही. सुरक्षा तपासणी, रांग, आणि आमच्यासारख्याच बायका, कुणाच्या कडेवर मूल, कुणाबरोबर म्हातारी आई. काउंटरवरच्या बाईंनी केस नंबर टाकून बघितला आणि म्हणाल्या, "हा नंबर दुसऱ्याच पक्षकारांचा आहे. तुमच्या नावाने आमच्याकडे काही दाखल नाही." कुणाचा ते त्यांनी सांगितलं नाही आणि ते योग्यच केलं.

केस नंबर ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर घरबसल्याही तपासता येतो. अ‍ॅपही आहे. सीएनआर टाकला की केस कधी दाखल झाली, कुठल्या कोर्टात आहे, पुढची तारीख कोणती, हे फुकट दिसतं. केस दाखल केल्याच्या दिवसापासून हा सीएनआर नंबर तुमच्याकडे असायला हवा. "फायलिंग झालंय, नंबर नंतर देतो" असं कुणी आठवडेच्या आठवडे सांगत असेल तर फायलिंग झालेलं नाही असंच धरा.

खरा मार्ग बहिणीने आता धरला आहे. परस्पर संमतीला हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ब लागतं, विशेष विवाह कायद्याखाली लग्न असेल तर त्या कायद्याचं कलम २८. निदान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. बायको जिथे राहते तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो, त्यामुळे भांडुपची म्हणून मुंबईतच झालं, पुण्याला खेटे घालावे लागले नाहीत. लग्नाचा दाखला, पत्रिका, फोटो, राहण्याचा पुरावा, दोघांची शपथपत्रं आणि देण्याघेण्याबद्दल ठरलेल्या अटी, एवढे कागद लागले. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी १९९४ पासून माफ आहे, हे त्या माणसाने कशाला सांगितलं असतं! वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यात स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, कमावती असली तरी मोफत वकील मागता येतो. हेल्पलाइन १५१००. कुटुंब न्यायालयात तर स्वतःची बाजू स्वतः मांडायलाही कायद्याने वाव आहे. पण दोघांनाही कोर्टापुढे यावं लागतं, न्यायाधीश दोघांना विचारतात, समुपदेशक भेटतात. खरंच येणं अशक्य असेल तर व्हिडिओवरून हजर राहण्याची विनंती करता येते, पण तीही कोर्टालाच. तुमच्या वतीने हॉटेलात बसलेला कुणी ती परवानगी देऊ शकत नाही.

वकील करायचा तर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, बघा, त्यांच्या चेंबरमध्ये भेटा, वकीलपत्रावर त्यांचं नाव आणि सही असल्याशिवाय आपली सही करू नका. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे. तेव्हा रेल्वेच्या डब्यात किंवा फेसबुकवर "कोर्टात न येता तीस दिवसांत घटस्फोट" असं दिसलं की तिथे खरा वकील असण्याची शक्यता तशीही कमीच.

हे सगळं ऐकून एका शेजारणीने सुचवलं, "मग नोटरीकडे पाचशेच्या स्टँपवर फारकत लिहून घ्या." असे कागद हातात असलेल्या कितीतरी बायका मुंबईत आहेत. नोटरीला लग्न मोडण्याचा अधिकार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या विधी विभागाने नोटरींना लेखी कळवलंय की लग्नाचे किंवा घटस्फोटाचे करार करून देऊ नका. काही समाजांत रूढीने काडीमोड होते आणि कायद्यात तिला जागा आहे, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते, स्टँप पेपर त्याला पुरत नाही.

दुसऱ्या लग्नासाठी स्थळ बघणाऱ्यांनाही सांगायचं आहे. "घटस्फोटाचा रेकॉर्ड ऑनलाइन काढून देतो" म्हणून तीन-चार हजार घेणारे आहेत. असा सर्वांना खुला घटस्फोटाचा दफ्तरखाना आपल्याकडे नाही. लग्नाची नोंद महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात होते, घटस्फोटाचा दाखला मात्र तिथे मिळत नाही. कोर्टाचा हुकूमनामा हाच दाखला. हे खटले बंद दालनात चालू शकतात, त्यातला मजकूर छापायलाही हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ ने बंदी आहे, त्यामुळे परक्याला फाइल हाताळायला मिळत नाही. ज्याचा घटस्फोट झालाय त्यालाच प्रमाणित प्रत आणायला सांगा. खरा माणूस रागावत नाही, आणतो. आमच्या काकांनी मागितली म्हणूनच आम्ही वाचलो. जुनं प्रकरण असेल, नंबर हरवला असेल, तर नावं आणि साल घेऊन पक्षकाराने स्वतः कोर्टात चौकशी करावी. १९८९ च्या आधीची हिंदू विवाह कायद्याखालची मुंबईतली प्रकरणं सिटी सिव्हिल कोर्टात चालायची, हे लक्षात असू द्या.

पोलीस ठाण्यात आम्ही लेखी तक्रार दिली. न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ आणि कोर्टाचा दस्त बनावट करण्याचं कलम ३३७, ज्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दोन्हींचा उल्लेख केला. पैसे यूपीआयने गेले असतील आणि नुकतेच गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, खातं गोठवायला वेळेला फार महत्त्व आहे. आमचे महिन्यांपूर्वी गेले होते. त्याचा फोन आता बंद लागतो.

काकांच्या घरच्यांनी लग्न मोडलं नाही, खरा निकाल लागेपर्यंत थांबायला ते तयार आहेत. तुमच्या घरात असा कागद असेल, नुसत्या सह्या घेऊन आणून दिलेला, तर तो आजच काढून त्यावरचा नंबर कोर्टात जाऊन तपासा. खोटा निघाला तर रागाने फाडू नका, लॅमिनेट करू नका, आणि "सुधारून देतो" म्हणणाऱ्या त्याच माणसाच्या हाती तर मुळीच परत देऊ नका. झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा, मूळ कागद पोलिसांकडे पोच घेऊन जमा करा. यूपीआयचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, कॉलची यादी, काहीही पुसू नका.