शुअर एसएम ५८: दोन वर्षं, ३७ कव्हर आणि माझी ४ गाणी

आधीच सांगते, मी गायिका नाही. दिवसभर ऑफिसात आकडे जुळवते आणि रात्री साडेनऊनंतर दार लावून गिटार काढते. माझी रेकॉर्डिंग ऐकणारे मोजून वीस-बावीस, त्यातले निम्मे नात्यातले. तेव्हा शुअर एसएम ५८ या माईकचा हा रिव्ह्यू स्टुडिओवाल्यांसाठी नाही. ज्यांच्या स्टुडिओत कपाटही आहे आणि इस्त्रीच्या कपड्यांचा ढीगही, त्यांच्यासाठी आहे.

माझा पहिला माईक कंडेन्सर जातीचा होता. 'व्होकलला कंडेन्सरच घ्यावा' असं सगळीकडे वाचलं होतं. त्याचं नाव घेत नाही, कारण दोष त्याचा नव्हताच. कंडेन्सर फार तिखट कानाचा. मी गात होते आणि तो माझी खोली रेकॉर्ड करत होता. पंखा, शेजारच्यांनी सरकवलेली खुर्ची, गिटारच्या खोक्यावर घासणारं माझ्या बाहीचं बटण, आणि या सगळ्यावर उघड्या भिंतींवरून परत येणारा माझाच आवाज. मोठ्या उत्साहाने धाकट्या भावाला एक कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं माझ्या आवाजात, पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "ताई, हे बाथरूममध्ये गायलीस का?"

मग एसएम ५८ घेतला. हा डायनॅमिक माईक आहे, म्हणजे आत पातळ पडदा, त्याला चिकटलेली तारेची गुंडाळी आणि चुंबक. बाहेरची वीज लागत नाही. १९६६ पासून हाच माईक जवळपास त्याच रूपात विकला जातोय. स्टेजवर तो इतका दिसतो की 'माईक' म्हटलं की डोळ्यांसमोर हाच गोल जाळीचा येतो. गंमत म्हणजे नावातलं 'एसएम' हे 'स्टुडिओ मायक्रोफोन'चं लघुरूप आहे. स्टेजने त्याला नंतर उचललं. याचा सख्खा भाऊ एसएम ५७, एक वर्षाने थोरला. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२ चा 'नेब्रास्का' हा अल्बम असे दोन ५७ आणि चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर यांवर घरीच केलेला आहे. ते डेमो म्हणूनच केले होते, तेच शेवटी बाजारात आले. हे वाचून मला भलताच हुरूप आला होता, हेही कबूल करते.

खोक्यात माईक, स्टँडची क्लिप आणि एक चेनची पिशवी निघाली. केबल नाही. माझं मॉडेल बिनकेबलचंच होतं, मी नीट वाचलं नव्हतं. पहिली संध्याकाळ २९८ ग्रॅमचा माईक हातात धरून आरशासमोर गेली.

पहिल्याच टेकला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या पहिल्याच प्रयत्नात, खोली जवळजवळ गायब झाली. यात जादू काही नाही. डायनॅमिक माईक मुळात कमी संवेदनशील, त्यामुळे त्याच्या अगदी जवळ जावं लागतं. जवळ गेलं की आवाजापुढे बाकीचं सगळं मागे पडतं. शिवाय हा समोरचं नीट ऐकतो, पाठीमागचं फारसं नाही. म्हणून माईकची पाठ पंख्याकडे आणि माझ्या पाठीमागे उघडं कपाट, त्यात लटकलेले कपडे. एवढी माझी ध्वनिव्यवस्था.

पण जवळ जाण्याची एक गोम आहे. ओठ जाळीला टेकवून गायलं की खालचे स्वर फुगतात. एका दिशेने ऐकणाऱ्या बहुतेक माईकांचं असं होतं. मला ते इतकं आवडलं की पहिली दहाबारा कव्हर मी तशीच गायले. आवाज भारदस्त, घोगरा, मूळ गायकाच्या जवळ जाणारा. वाटलं, आता जमलं! मग माझं पहिलं स्वतःचं गाणं तसंच रेकॉर्ड केलं आणि दुसऱ्या दिवशी ऐकलं तर कोणी परकीच बाई गात होती. कव्हरमध्ये हे कळलं नव्हतं, तिथे मला परकंच व्हायचं होतं ना! आता चार बोटांचं अंतर ठेवते. आवाज जरा पातळ येतो, आणि तसाच तो आहे.

दुसरी गोष्ट मराठी गाणाऱ्यांनी खास लक्षात घ्यावी. तळहात तोंडासमोर धरून 'भ' म्हणा. हवेचा जो फटका बसतो तोच माईकला बसतो आणि रेकॉर्डिंगमध्ये 'धप्प' असा आवाज येतो. जाळीच्या आत स्पंज आहे, पण इतक्या जवळून प, फ, ब, भ त्यालाही आवरत नाहीत. माझ्या चौथ्या गाण्याची पहिलीच ओळ 'भिंतीपलीकडे कुणी जागं आहे' अशी आहे. अकरा टेक घेतले, अकराही वेळा धप्प. कव्हर असतं तर शब्दाला हात लावता आला नसता, तिथे मी 'भ' गिळून 'ब' करत असे. इथे गाणं माझंच, म्हणून ओळ बदलली: 'पलीकडच्या खोलीत'. तर पुढे 'प' उभा! मग 'शेजारच्या खोलीत' केलं. धप्प गेलं, पण भिंतही गेली, आणि गाणं तर भिंतीचंच होतं. आठवडाभर त्या बेचव ओळीवर अडकून होते. मग माईक तोंडासमोरून काढून गालाच्या बाजूला तिरका लावला, साधारण ४५ अंशांत. हवा बाजूने निघून जाते, आवाज तेवढा माईकपर्यंत पोचतो. 'भिंतीपलीकडे' परत आलं. एका स्टँडच्या स्क्रूसाठी मी माझी ओळ मोडायला निघाले होते!

गिटारला मात्र हा माझ्या मनासारखा बसला नाही. बाराव्या फ्रेटच्या (गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या पट्टीच्या) समोर वीतभर अंतरावर ठेवला तर काम भागतं, पण तारांची वरची झळाळी हवी तेवढी येत नाही. याचा पल्ला कागदावर १५,००० हर्ट्झपर्यंत आहे, त्याहून उंच आवाज तो नीट पकडत नाही. गिटारसाठी मी तो जुना कंडेन्सरच काढते आणि पंखा बंद करून घामाघूम होते. एकदा फ्रीजही बंद केला होता आणि सकाळपर्यंत चालू करायला विसरले. तेव्हापासून फ्रीज बंद केला की घराच्या किल्ल्या आत ठेवते.

मजबुतीबद्दल फार लिहीत नाही. स्टँडसकट दोनदा पडला, जाळीला एक पोचा आलाय, माईक ठणठणीत. जाळी फिरवून निघते, साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळली की परत बसवायची. धुण्याआधी वास घेऊ नका.

आता खरी अडचण. रात्री लोक झोपलेले असताना पुटपुटल्यासारखं गात असाल तर या माईकला गेन, म्हणजे आवाज वाढवून घेण्याची पातळी, भरपूर द्यावा लागतो. माझ्या साध्या इंटरफेसचं (माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीचं) बटण शेवटपर्यंत फिरवलं की मागे 'सूं' असा आवाज येऊ लागतो. मोकळ्या आवाजात गायलं तर हा प्रश्न येत नाही. माईक आणि इंटरफेसच्या मधे लावायचे छोटे बूस्टर मिळतात, आवाज सुमारे २५ डेसिबल वाढवतात. त्यांना ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माईकच्या केबलमधूनच येणारी वीज, लागते, ती इंटरफेसवर आहे ना ते आधी बघा. मी अजून घेतलेला नाही. खोली गाद्या-पडद्यांनी भरलेली असेल आणि गाणं हळू असेल, तर तुम्ही कंडेन्सरच घ्या.

चौथं गाणं तसं हळूच आहे. गेन शेवटपर्यंत फिरवून गायले, आणि तितक्या गेनवर यानेही पलीकडच्या घरातली खुर्ची सरकलेली पकडली. पाच टेक त्याहून स्वच्छ होते. ठेवला मात्र हाच. दुसरं कडवं सुरू होण्याच्या जरा आधी, हेडफोन लावले तर ऐकू येते.