जुन्या पिकअपला नवा टेप, 4 स्टार
आमची जुनी बोलेरो पिकअप, भाजी वाहून वाहून खिळखिळी झालेली, तिला ब्लूटूथवाला टेप बसवून घेतला. डॅशबोर्डची खाच सिंगल डिन म्हणजे 2 इंच उंचीची, प्लास्टिक कापायचं नव्हतं म्हणून मोठ्या स्क्रीनचा हट्ट सोडला. आवाज एक नंबर, दारातले फाटके स्पीकर पण बदलले म्हणा. पण फिटिंगवाल्या पोराने लाल-पिवळी दोन्ही वायर थेट बॅटरीवर मारली, बटणाने बंद केला तरी टेप आतून करंट खातच होता, तिसऱ्या दिवशी पहाटे मार्केटला निघताना बॅटरी झोपलेली, दोघातिघांना उठवून धक्का मारायला लावला! परत गेलो तर मालकाने लाल वायर चावीच्या लाईनला घेतली, पिवळी तशीच ठेवली नाहीतर सेटिंग उडतं म्हणे. पैसे नाही घेतले. एक स्टार कापला तो धक्क्याचा.