टोमॅटोच्या तोड्याला रंगांधळ्यांचा चष्मा: एक हंगाम वापरल्यावर

जुन्नर तालुक्यात उन्हाळी टोमॅटोचा तोडा सुरू झाला की माझी अडचण सुरू होते. मला लाल आणि हिरवा नीट वेगळा करता येत नाही. लालबुंद पिकलेला आणि कच्चा हिरवागार असे दोन टोमॅटो हातात दिले तर सांगतो, पण अडतं मधल्या मालावर. लांबच्या बाजाराला नुकताच रंग धरलेला माल लागतो. देठाच्या उलट बाजूला, बुडाशी, रुपयाएवढी लाली आली की तोडायचा. पानांच्या आडची ती लाली मला दिसतच नाही. इतकी वर्षं बायको पुढं चालत कुठला तोडायचा ते सांगते आणि मी दाबून, कडकपणावरून अंदाज बांधतो. गेल्या वर्षी माझ्या हातून हिरवा माल मिसळला गेला. व्यापाऱ्यानं कॅरेट चार माणसांसमोर ओतून दाखवलं आणि अख्ख्या गाडीचा भाव पाडला. ते फार लागलं.

माझा भाचा पुण्यात डिझाइनचं काम करतो, त्यालाही हाच दोष आहे. लाल आणि हिरवा ओळखणाऱ्या पेशींची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. बाईकडे दोन एक्स, त्यामुळे एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो. पुरुषाकडे एकच, तोही आईकडून आलेला. म्हणून माझ्या आईला आणि बहिणीला सगळे रंग दिसले, मला आणि भाच्याला नाहीत. त्यानंच हा परदेशी कंपनीचा चष्मा शोधला आणि म्हणाला, "मामा, निम्मे पैसे मी घालतो." सोळा हजार पडले.

मागवण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो ते बरं झालं. ठिपक्यांच्या तक्त्यातले आकडे चुकले, हे शाळेपासून माहीत होतं. पण त्यांनी एका यंत्रातही बघायला लावलं. आत एक पिवळं वर्तुळ, त्याच्या अर्ध्या भागात लाल आणि हिरवा प्रकाश कमीजास्त करून दुसऱ्या अर्ध्या पिवळ्याशी जुळवायचा. मी हिरवा जास्तच ओतला, त्यावरून त्यांनी दोषाचा प्रकार सांगितला. मग कुठली पेशी कुठल्या प्रकाशाला किती दाद देते ते दाखवायला कागदावर तीन डोंगर काढले. डोळ्याच्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या साधारण 60 लाख शंकुपेशी असतात, तीन जातींच्या. एक जात लहरीची लांबी 420 नॅनोमीटरच्या आसपास असलेल्या निळसर प्रकाशाला जास्त दाद देते, दुसरी, हिरव्याची, 530 च्या, तिसरी, लालची, 560 च्या. म्हणजे लाल-हिरव्याचे डोंगर मुळातच एकमेकांना खेटून आहेत, आणि त्यांच्या जबाबातल्या फरकावरूनच मेंदू रंग ठरवतो. माझा मधला डोंगर तिसऱ्याकडे आणखी सरकलाय. दोघंही जवळजवळ एकच सांगतात, मग मेंदूनं निवाडा करायचा कशावर?

चष्म्याची काच जिथं हे दोन डोंगर सर्वांत जास्त एकमेकांवर चढतात, तो पिवळसर पट्टा कापून टाकते. उरलेल्या प्रकाशात दोघांचे जबाब जरा वेगळे पडतात. काच एवढंच करते. नवी पेशी देत नाही, बिघडलेली दुरुस्तही करत नाही.

पहिल्या दिवशी सकाळी नऊच्या उन्हात चष्मा घालून सरीत शिरलो. पाचेक मिनिटं काहीच नाही, नुसता जांभळट अंधार. मग एका झाडाशी वाकलो आणि पान बाजूला केलं. बुडाशी ओल्या बोटाचा ठसा उमटावा तसा एक डाग होता, बाकीच्या फळापेक्षा वेगळा, उठून आलेला. बायकोला विचारलं. "अहो, धरलाय की रंग, तोडा," ती म्हणाली. त्या सरीत मी एकट्यानं तीन कॅरेट भरली. तिनं ती ओतून बघितली तेव्हा चुकीचे निघाले सात. आधी मी कॅरेटमागे वीस-पंचवीस चुकवायचो. माझ्यासाठी सोळा हजार इथंच फिटले.

पण शेडमध्ये संध्याकाळी ट्यूबखाली प्रतवारी करायला घेतली तर काही उपयोग नाही. काच बराच प्रकाश खाते, आणि उजेड कमी पडला की शंकुपेशीही मंदावतात. ढगाळ दिवशीही फरक निम्माच. आणि रात्री गाडी चालवताना हा चष्मा अजिबात घालू नका. आमच्या फाट्यावर जुना सोडियमचा दिवा आहे, त्याचा पिवळा प्रकाश 589 नॅनोमीटरचा, म्हणजे नेमका कापलेल्या पट्ट्यातला. चष्म्यातून तो दिवा विझत आल्यासारखा दिसला आणि खालून चाललेला सायकलवाला मला उशिरा दिसला. लायसन्ससाठी तर हा घ्यायची गरजच नाही. 2020 पासून सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांनाही लायसन्स मिळतं.

माझी खरी तक्रार विकण्याच्या पद्धतीवर आहे. कंपनी चार प्रश्न विचारते आणि मागेल त्याला पाठवते. आमच्या ओळखीच्या एका मास्तरांची हिरव्याची पेशी सरकलेली नाही, मुळातच नाही. त्यांनी माझा चष्मा लावून तासभर शेतात फेरी मारली. सगळं गडद झालं, बाकी काही नाही. दोन डोंगरच नाहीत तर वेगळं करणार काय? मास्तर मोठ्या आशेनं आले होते. चष्मा काढून त्यांनी तो रुमालानं पुसला, माझ्या हातात दिला आणि गप्प बसले. स्पेनमधल्या ग्रानाडा विद्यापीठानं 2018 मध्ये असे चष्मे तपासून सांगितलंय की यांनी नवे रंग दिसत नाहीत, सामान्य दृष्टीही मिळत नाही. जाहिरातीत हे ठळक छापायला हवं.

तेव्हा आधी डॉक्टरांकडून पेशी सरकलीय की नाहीच ते ठरवून घ्या. नाहीच असेल तर पैसे घालवू नका. सरकलेली असेल आणि काम उन्हातलं असेल तर घ्या, पण परत करायची मुदत विचारूनच. भाच्यानं स्क्रीनसमोर महिनाभर वापरला आणि नको म्हणाला, रंगांचे आकडे बघूनच काम करतो तो. त्याचे आठ हजार मी दिवाळीला देणार आहे. चष्मा आता माझ्याकडेच असतो, पंपाच्या खोलीत खुंटीला. नाकावरच्या पट्ट्या घामानं सुटल्या होत्या, त्या बदलून आणल्यात. पाचपैकी तीन तारे.