मॅराडोनाची ८६ ची निळी जर्सी: दोन महिने वापरल्यावर सांगतोय

बाबांच्या साठीला ही जर्सी ऑनलाइन मागवली, ८९९ ला पडली. आमचं घर कोल्हापुरातलं, त्यामुळं घरात फुटबॉल आधी आणि बाकी सगळं नंतर, आणि बाबा तर ८६ पासून पक्के अर्जेंटिनावाले.

आधी कापडाचं सांगतो कारण या जर्सीची सगळी गोष्टच कापडाची आहे. ८६ च्या फुटबॉल वर्ल्डकपला अर्जेंटिनाची मूळ निळी जर्सी जाड कॉटनची होती, उरुग्वेविरुद्ध ती भिजून जड झाली आणि पुढची इंग्लंडची मॅच मेक्सिको सिटीत भर दुपारी बाराला, म्हणून कोच बिलार्दोनं माणूस पाठवून तिथल्याच दुकानातनं हलक्या जर्स्या आणवल्या, त्यावर घाईघाईत लोगो शिवला आणि चकाकणारे चंदेरी नंबर इस्त्रीनं चिकटवले. आणि त्याच जर्सीत २२ जूनला मॅराडोनानं चार मिनिटांत ते दोन गोल मारले, एक हातानं आणि दुसरा आपल्या हाफमधनं अर्धी इंग्लंड टीम मागं टाकून! तीच जर्सी २०२२ ला लिलावात ७० लाख पौंडांच्या वर गेली.

तर आपल्या जर्सीचं कापड खरंच हलकंय, निळ्या रंगातले फिके-गडद पट्टे उजेडात दिसतात, आणि मागचा १० नंबर चंदेरीच आहे, झकास. पण लोगोत चूक केलीय. त्या दिवशी घाईत जुना लोगो शिवला होता, त्याला खालची पानं नव्हती, आणि यांनी पानांसकट छापलाय. बाबांनी पाकीट उघडल्या उघडल्या हेच पकडलं, एक स्टार त्याचा कट. साइज पण लहान येतोय, एक नंबर मोठाच घ्या.

२०१० ला मॅराडोना अर्जेंटिनाचा कोच म्हणून साउथ आफ्रिकेत वर्ल्डकपला गेला तेव्हा मी बाबांबरोबर सगळ्या मॅचेस बघितल्या, तो सूट घालून, दाढी वाढवून, प्रत्येक पोराला मिठी मारत उभा असायचा, आणि जर्मनीनं ४-० नं हरवलं त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही. कोच म्हणून त्याच्या हातनं मोठं काही जिंकणं झालं नाही हे मान्य. पण २०१९ ला अर्जेंटिनातल्या हिम्नासिया क्लबचा कोच झाला तर दुसऱ्या टीमच्या मैदानावर, नुएल्स क्लबनं त्याला बसायला सिंहासन ठेवलं होतं, एवढं प्रेम कुठल्या कोचला मिळतं सांगा.

धुताना उलटी करून गार पाण्यात धुवा आणि नंबरावर इस्त्री फिरवू नका, आठ धुण्यांत अजून चमक गेलेली नाही. बाबांनी आता माझ्यासाठी पण एक मागवायला सांगितलीय, बिनापानांचा लोगो कुठं मिळत असेल तर कळवा, शंभर-दोनशे जास्त गेले तरी चालतील.