कॅन्सर झालेला कुत्रा: उपचार करायचे की घरी सांभाळायचं?

कुत्र्याला कॅन्सर झाल्याचं कळलं की घरात हमखास दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, जे जे करता येईल ते करू. दुसरा म्हणतो, बिचाऱ्याचे हाल नकोत, घरीच ठेवू. जीव दोघांचाही तितकाच तुटत असतो, आणि बहुतेक वेळा कॅन्सर नेमका कोणता हे विचारायच्या आधीच दोघांचं भांडण रंगलेलं असतं. माझ्या मते तुलना तिथूनच सुरू व्हायला हवी. एका प्रकारात उपचार टाळले तर सहज बरा झाला असता असा कुत्रा हातचा जातो. दुसऱ्यात मोठं ऑपरेशन केलं, तर उरलेल्या दिवसांतले निम्मे दिवस टाके सुकण्यातच संपतात.

आधी नाव

'गाठ आहे' एवढ्यावर काहीच ठरवू नये. बारीक सुईने चार पेशी काढून मायक्रोस्कोपखाली बघितल्या की बऱ्याच गाठींचा उलगडा होतो, आणि त्याला बहुधा भूलही द्यावी लागत नाही. तेवढ्याने नाही कळलं तर बायोप्सी. 'आता वय झालंय त्याचं, कशाला सुया टोचायच्या' हे मी अनेकांकडून ऐकलंय, पण ते मला पटत नाही. चरबीची निरुपद्रवी गाठसुद्धा हाताला तितकीच भीतीदायक लागते. कुत्रीच्या स्तनांतल्या गाठींपैकीही साधारण निम्म्या घातक नसतात.

काही प्रकारांत तर निवडीचा प्रश्नच येत नाही. जननेंद्रियावर येणारी, एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे पसरणारी टीव्हीटी ही गाठ दिसायला भयंकर असते, रक्त गळत असतं. पण आठवड्याला एक व्हिन्क्रिस्टिनचं, म्हणजे केमोच्या एका औषधाचं, इंजेक्शन, असे काही डोस दिले की बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. खालच्या ग्रेडची, म्हणजे कमी आक्रमक, मास्ट सेल गाठ (कातडीतला एक कॅन्सर) भोवतालच्या निरोगी कातडीसकट नीट काढली तर बहुधा विषय तिथेच मिटतो. (ती गाठ दाबून, चोळून बघू नका. तिच्या पेशींत हिस्टामिन भरलेलं असतं. ते सुटलं की भोवती सूज येते, उलट्या होतात, कधी पोटात अल्सरही होतो.) अशा ठिकाणी 'घरीच ठेवू' म्हणणं मला मान्य नाही.

खरी कोंडी होते ती या तीन कॅन्सरांत

लिम्फोमात, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, दोन वाटांतलं अंतर सगळ्यात मोठं आहे. काहीच केलं नाही तर महिना-दीड महिना. नुसत्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडवर एक ते तीन महिने, आणि त्यातले बरेचसे दिवस सुखाचे. चार औषधांची केमो, म्हणजे सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन, जिला डॉक्टर 'चॉप' म्हणतात, ती दिली तर दहातल्या आठ-नऊ कुत्र्यांच्या गाठी विरतात आणि साधारण वर्षभर मिळतं. कॅन्सर कोणत्या पांढऱ्या पेशींतून आला त्यावरून त्याचे दोन प्रकार पडतात: बी-सेल प्रकारात थोडं जास्त, टी-सेलमध्ये कमी. मात्र आजार मुळापासून जाणं दुर्मीळ. बहुतेकांत तो उलटतो. शिवाय हे सगळं चार ते सहा महिने चालतं, आधी दर आठवड्याला, मग आठवडाआड दवाखान्यात खेपा, प्रत्येक वेळी रक्ततपासणी. दवाखान्यात शेपूट हलवत शिरणाऱ्या कुत्र्याला हे फारसं जड जात नाही. दारापासूनच थरथरायला लागणाऱ्याला जातं, आणि हा मुद्दा मी रिपोर्टमधल्या आकड्यांइतकाच महत्त्वाचा मानतो.

लिम्फोमात एक गोष्ट मात्र घाईने करू नका. 'ठरेपर्यंत निदान स्टेरॉइड तरी सुरू करू' असा विचार मनात येतो, कारण दोन दिवसांत गाठी बसतात आणि कुत्रा जेवायला लागतो. पण आधी प्रेडनिसोलोन देऊन ठेवलं तर कॅन्सरच्या पेशी औषधांना दाद देईनाशा होऊ शकतात आणि नंतरच्या केमोचा गुण कमी येतो. तपासणीचा निकालही त्याने धूसर होतो. केमो करायचीच नाही असं ठरलं असेल तर स्टेरॉइड खुशाल सुरू करा. ठरलं नसेल तर आधी ठरवा, आणि लवकर ठरवा.

हाडाच्या कॅन्सरचं, म्हणजे ऑस्टिओसार्कोमाचं, गणित वेगळं आहे. तो मोठ्या जातींत जास्त आढळतो, बहुधा पायात. पाय काढायचा म्हटलं की घरातले हादरतात आणि 'त्यापेक्षा घरीच गोळ्या देऊ' असं ठरतं. एक्स-रेत दिसो वा न दिसो, निदान होईपर्यंत बहुतेक कुत्र्यांत हा आजार फुप्फुसांपर्यंत पोचलेला असतो. त्यामुळे नुसता पाय काढून आयुष्य फार वाढत नाही: साधारण चार-पाच महिने, आणि सोबत कार्बोप्लॅटिनसारखी केमो दिली तर दहा महिने ते वर्ष. तरीही इथे मी ऑपरेशनच्या बाजूने आहे, आणि ते महिन्यांसाठी नाही. पाय काढला की वेदनेचं मूळच जातं. आतून पोखरलेल्या हाडाचं दुखणं गोळ्यांना नीट आवरत नाही, आणि ते हाड साध्या उडीतही मोडू शकतं. म्हणजे जी वाट आपल्याला दयाळू वाटते तीच कुत्र्याला जास्त दुखवणारी असते. तीन पायांवर बहुतेक कुत्रे काही दिवसांत चालायला लागतात. आरशात बघून त्यांना लाज वाटत नाही, ती आपल्याला वाटते. अपवाद आहेत: उरलेल्या पायांचे सांधे आधीच गेलेत, वजन फार आहे, किंवा कुत्रा आताच उठू शकत नाही. मग दुखणं कमी करण्यापुरती रेडिएशन मिळत असेल तर विचारावी. तिला प्रत्येक वेळी भूल लागते, कारण कुत्रा मशीनखाली हलल्याशिवाय पडून राहत नाही.

हिमँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या पेशींचा कॅन्सर, प्लीहेत असेल तर निर्णय सहसा शांतपणे घ्यायला मिळत नाही. काल खेळणारा कुत्रा आज कोसळतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, पोटात रक्त साठलेलं असतं. प्लीहा काढली तर एक ते तीन महिने, जोडीला डॉक्सोरुबिसिन दिलं तर चार ते सहा. एवढ्यासाठी पोट उघडायचं का? नको म्हणणाऱ्यांना मी दोष देणार नाही. पण प्लीहेवरची प्रत्येक गाठ घातक नसते, आणि ते सोनोग्राफीवरून खात्रीने सांगता येत नाही, हे डॉक्टरांशी बोलताना लक्षात असू द्या.

केमोची भीती

आपण केमो बघितलेली असते ती माणसांची. कुत्र्यांत डोस मुद्दाम कमी ठेवतात, कारण उरलेले दिवस बरे जावेत एवढाच हेतू असतो. बहुतेकांना एखाद-दोन दिवस मळमळ, जुलाब, सुस्ती, आणि मग पुन्हा नेहमीसारखं. केस गळतात ते पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींचे, इतरांच्या फार तर मिशा जातात. खरा धोका साधारण आठवड्याभराने असतो, पांढऱ्या पेशी खाली जातात तेव्हा. त्या दिवसांत ताप 39.5 अंश सेल्सियसच्या वर गेला किंवा कुत्रा एकदम मलूल झाला तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. केमोनंतर दोन-तीन दिवस शी-शू उचलताना हातमोजे घालायचे, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिने ते काम करायचंच नाही. कॉली आणि तिच्या नात्यातल्या जातींत एमडीआर1 जनुकाचा दोष असू शकतो, त्यांना व्हिन्क्रिस्टिन, डॉक्सोरुबिसिन जास्त बाधतात. त्याची चाचणी आधी करून घ्यावी.

घरी सांभाळायचं ठरलं तर

घरी ठेवणं ही सोपी वाट आहे या समजुतीने ती निवडू नका. केमोत जबाबदारीचा मोठा भाग डॉक्टर उचलतात. इथे ती रात्री दोन वाजता तुमच्या अंगावर येते.

सगळ्यात आधी वेदना ओळखायला शिका. कुत्रा दुखलं म्हणून क्वचितच ओरडतो. तो विनाकारण धापा टाकतो, जागा बदलत राहतो, आडवा होता होता परत उठतो, एकच जागा चाटत बसतो, जिन्याशी जाऊन थांबतो, कुणी जवळ गेलं तर सरकून बसतो. 'म्हातारा झालाय' असं आपण म्हणतो त्यातलं बरंचसं दुखणंच असतं.

औषधांत मोठी निवड दोन गटांतली: मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन, फिरोकॉक्सिबसारखी दाहशामक की स्टेरॉइड? हाडाचं दुखणं असेल तर पहिला गट, लिम्फोमात दुसरा. दोन्ही एकत्र कधीही नाही. पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो, आणि एकावरून दुसऱ्यावर जातानाही मधे काही दिवस मोकळे सोडावे लागतात. दाहशामकाच्या जोडीला गॅबापेन्टिन हे मज्जातंतूंच्या वेदनेवरचं औषध देतात. माणसांसाठीच्या त्याच्या पातळ औषधात झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ असू शकतो आणि तो कुत्र्यांना विषारी असतो, म्हणून गोळी किंवा कॅप्सूलच घ्या. एकट्या ट्रॅमाडोल या वेदनाशामकावर मी विसंबणार नाही, कुत्र्यांत त्याचा वेदनेवरचा परिणाम बेभरवशाचा आहे. घरातल्या डब्यातली आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल आपल्या मनाने तर अजिबात नाही.

जेवण हा घरातल्या भांडणाचा दुसरा विषय. ताटलीकडे जाऊन, हुंगून, ओठ चाटत मागे फिरणाऱ्या कुत्र्याला बहुधा मळमळत असतं. त्याला मॅरोपिटंटसारखं उलटीचं औषध द्या, भूक आपोआप थोडी परतते. मळमळ नसेल तर मिर्टाझापिन किंवा कॅप्रोमोरेलिन ही भूक वाढवणारी औषधं डॉक्टरांना विचारा. अन्न कोमट करून हाताने भरवणं ठीक, जबडा उघडून कोंबणं नाही: अन्न श्वासनलिकेत जातं आणि कुत्रा तुम्हाला बघून लपायला लागतो. केमो चालू असेल तर कच्चं मांस बंद. कॅन्सर 'उपाशी मारणाऱ्या' आहारांवर आणि डब्यांवर डबे विकल्या जाणाऱ्या पूरक पावडरींवर मी शक्ती घालवणार नाही. शेवटच्या महिन्यांत कुत्र्याने आवडीचं खाल्लेलं बरं.

स्टेरॉइडवर कुत्रा भरपूर पाणी पितो, रात्री दोनदा बाहेर न्यावं लागतं, कधी घरातच होतं. हा औषधाचा परिणाम आहे, त्याला रागावू नका आणि पाणी तोडू नका. फरशीवर चटया, मागचे पाय उचलायला पोटाखालून पट्टा, न उठणाऱ्याची दर काही तासांनी कूस बदलणं, ही कामं कुणालाही जमतात. कातडीखाली सलाईन द्यायलाही डॉक्टर शिकवतात. सगळ्यात त्रासाची असते ती फुटलेली गाठ. तिला वास येतो, माश्या बसतात आणि बघता बघता अळ्या पडतात. ती रोज धुऊन झाकणं ज्या घराला जमणार नाही त्याने ती फुटण्याआधी कापून काढण्याचा विचार करावा, भले कॅन्सर बरा होणार नसला तरी.

कुत्रा गाढ झोपलेला असताना मिनिटाला श्वास किती हे रोज मोजा. 30 च्या खाली हवेत. सतत वर राहिले तर फुप्फुसाकडे लक्ष हवं.

आणि हे सगळं करणार कोण? दिवसभर घरी कुणी नसेल, उचलायला एकच माणूस असेल, तर तेही तुलनेत धरायचं. थकवा हे कारण द्यायला लोक लाजतात. लाजू नये.

थांबायचं कधी आणि कुठे

'आपोआप झोपेत जाऊ दे' ही इच्छा मला कळते, पण कॅन्सरमध्ये तसं क्वचितच घडतं. श्वास कोंडणं, रक्तस्राव किंवा अनेक दिवसांची उपासमार हेच जास्त दिसतं. मी दयामरणाच्या बाजूने आहे, आणि एक दिवस उशिरापेक्षा एक आठवडा लवकर बरं असं मला वाटतं. कधी, हे ठरवायला अमेरिकी पशुकॅन्सरतज्ज्ञ ॲलिस व्हिलालोबोस यांनी 2004 मध्ये मांडलेला तक्ता वापरता येतो. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सातांना 0 ते 10 गुण. त्रास जितका कमी तितके गुण जास्त. बेरीज 35 च्या वर असेल तर गाडी चालू आहे. घरातल्या दोघांनी वेगवेगळे भरावेत. मतभेद कुठे आहे ते लगेच दिसतं. मात्र वेदना किंवा श्वास हाताबाहेर गेले असतील तर बाकीच्या बेरजेला मी किंमत देणार नाही.

दवाखान्यात की घरी? बिथरणाऱ्या कुत्र्यासाठी घर उत्तम, आणि घरातल्या दुसऱ्या कुत्र्यालाही नंतर जवळ येऊन हुंगता येतं. पद्धत दोन्हीकडे तीच: आधी गुंगीचं इंजेक्शन, मग शिरेतून पेन्टोबार्बिटलचा मोठा डोस, काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं दिसतं, लघवी होते. हे मुलांना आधी सांगून ठेवा. घरी येणारे डॉक्टर लगेच मिळतील असं धरून चालू नका. प्लीहेचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, तिथे न्यायला गाडी कुणाची, आणि मोठ्या कुत्र्याला जाड चादरीवरून उचलायला दुसरं माणूस कोण, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.