मिर्झायान की लॅम्प? तंत्रज्ञान आणि धोरणात पहिलं पाऊल टाकताना

क्रिस्टीन मिर्झायान बायोकेमिस्ट्रीत पीएच.डी. करून वॉशिंग्टनच्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञानसंस्थेत धोरणाचं काम शिकायला आल्या होत्या. तिथे असतानाच, ऑगस्ट १९९८ मध्ये, त्यांची हत्या झाली. त्या ज्या उपक्रमात होत्या, तोच आज त्यांच्या नावाने, मिर्झायान फेलोशिप म्हणून, ओळखला जातो. अमेरिकेत शिकणारी मराठी मुलं याबद्दल विचारतात, आणि पाठोपाठ दिल्लीच्या लॅम्प फेलोशिपबद्दलही.

मिर्झायान बारा आठवड्यांची, पूर्ण वेळ. पदव्युत्तर शिक्षण चालू असलेल्यांना किंवा ते संपून पाच वर्षं न झालेल्यांना अर्ज करता येतो. विषय विज्ञानाचाच हवा असं नाही, कायदा आणि व्यवस्थापनही चालतं. अकॅडमीजच्या तज्ज्ञ समित्या सरकारला सल्ला देणारे अहवाल लिहितात. फेलो त्यांच्या बैठकांना बसतो, संदर्भ काढतो, मसुद्याला हातभार लावतो. पुरावा कसा तोलायचा हे इथे नीट शिकता येतं. मात्र अशा अहवालाला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं, त्यामुळे तो छापून येईल तेव्हा बहुधा तुम्ही तिथे नसाल.

लॅम्पचं काम अगदी वेगळं. लॅम्प म्हणजे ‘लेजिस्लेटिव्ह असिस्टंट्स टू मेंबर्स ऑफ पार्लमेंट’. संसदेच्या कामकाजावर संशोधन करणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेने २०१० मध्ये ती सुरू केली. पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशन संपेपर्यंत एका खासदाराबरोबर काम करायचं. हवा तोच खासदार मिळेल असं धरून चालू नका. मतं न जुळणाऱ्या माणसासाठीही मन लावून काम करायची तयारी हवी.

खासदाराने संसदेत विचारायचे प्रश्न लिहायला फेलो मदत करतो. इथे शब्दाला किती किंमत असते ते पाहा. भारतनेट ही ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट नेण्याची सरकारी योजना. ‘भारतनेट वेगाने पूर्ण करण्यासाठी सरकार पावलं उचलत आहे का?’ असं विचारलं की ‘होय’ म्हणून मंत्रालय मोकळं होतं. ‘जोडलेल्या ग्रामपंचायतींपैकी किती ठिकाणी इंटरनेट प्रत्यक्ष चालू आहे, जिल्हानिहाय’ असं विचारलं की आकडे तरी द्यावे लागतात, नाहीतर ते नाहीत हे सभागृहाच्या पटलावर कबूल करावं लागतं. असा प्रश्न लिहिता येणं ही मोठी शिदोरी आहे. शिवाय वैयक्तिक डेटा संरक्षणाचं विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं आणि नवं विधेयक ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालं. अशा घडामोडी खासदाराच्या टेबलापाशी बसून जितक्या कळतात, तितक्या वर्गात कळत नाहीत.

पैशांसाठी यातलं काहीही निवडू नका. दिल्लीत घरभाडंच बरंच खातं.

माझं मत स्पष्ट आहे: वय पंचविशीच्या आत असेल तर आधी लॅम्प. तिथे वयाची अट पंचवीस आहे, ती संधी परत येत नाही. मिर्झायानचा मार्ग पुढेही मोकळा राहतो. लॅम्पसाठी कोणतीही पदवी चालते, पण इंग्रजी लेखन नेमकं हवं.

पंचविशी उलटली असेल आणि अमेरिकेतच शिकत असाल, तर मिर्झायानसाठी प्रयत्न करा. कारण एएएएस या अमेरिकेतल्या वैज्ञानिकांच्या संघटनेची वर्षभराची प्रसिद्ध धोरण फेलोशिप अमेरिकी नागरिकांसाठीच आहे. अर्ज भरण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर बारा आठवड्यांच्या कामाची परवानगी कशी मिळेल ते विचारा. शिफारसपत्रांचं त्यानंतर बघता येईल.