तिलापिया: हार्मोनचं बीज की हातानं निवडलेले नर?
कोल्हापूरजवळच्या पाव्हण्यांचं शेततळं तयार आहे, घोडं अडलंय बीजावर, म्हणजे तळ्यात सोडायच्या पिलांवर. तिलापिया हा मासा दोन-तीन महिन्यांतच वयात येतो, तळं पिलांनी भरतं, मासा वाढत नाही. म्हणून फक्त नर हवेत.

मेहनत बघितली तर हार्मोनवालं सोपं. पिल्लं खायला लागली की 21 ते 28 दिवस किलोभर खाद्यात साधारण 60 मिलिग्रॅम मिथाइलटेस्टोस्टेरॉन, म्हणजे पिलांना नर बनवणारं हार्मोन. हे काम हॅचरीचं, म्हणजे बीज तयार करणाऱ्या केंद्राचं. ‘शंभर टक्के नर’ मात्र विसरा, थोड्या माद्या निघतातच.

हातानं निवडायचं तर मासा तीसेक ग्रॅमचा होऊ द्या, उलटा करून छिद्रं मोजा: नराला दोन, मादीला तीन. बीज स्वस्त, पण निम्मे मासे बाद, त्यांनी खाल्लेलं खाद्यही गेलं.

विक्रीसाठी हार्मोनचं घ्या. छोटा खड्डा, घरची माणसं आणि तरबेज नजर असेल तरच हातानं. तिलापिया पाळायची परवानगी दोन्ही पद्धतींत लागते.